इम्प्लांट आणि प्राणिजन्य एडीएम वापरून स्तनपुनर्रचना: अनुभव आणि माहिती हवी आहे

उत्तरा_लेस्टर

नमस्कार. उजव्या स्तनात डीसीआयएस (स्तनाच्या कॅन्सरची अगदी सुरुवातीची पायरी) निघालं आहे. पेशी दुधाच्या नलिकांच्या आतच आहेत, बाहेर गेलेल्या नाहीत, पण व्याप मोठा असल्यामुळे तेवढाच भाग काढून भागणार नाही. पूर्ण स्तन काढावा लागेल. उपचार एनएचएसमध्येच (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) चालू आहेत. वय ४८, मधुमेह नाही, धूम्रपान नाही, अंगाने बारीक आहे. पोटावर पुरेशी चरबी नाही, त्यामुळे पोटाच्या ऊतींपासून स्तन बनवण्याचा पर्याय सर्जनबाईंनी जवळजवळ बाजूलाच ठेवलाय.

त्यांनी सुचवलंय ते असं: एकाच शस्त्रक्रियेत स्तन काढायचा, लगेच सिलिकॉनचं इम्प्लांट बसवायचं आणि त्याला आधार म्हणून एडीएम (असेल्युलर डर्मल मॅट्रिक्स, म्हणजे पेशी काढून टाकलेल्या कातडीचा तुकडा) लावायचं. ते गायीच्या गर्भातल्या वासराच्या कातडीपासून बनतं, हेही त्यांनी आपणहून सांगितलं. दुसऱ्या एका रुग्णालयात डुकराच्या कातडीचं वापरतात म्हणे.

माहितीपत्रकात सगळं गोड गोड लिहिलंय. मला खरे परिणाम हवे आहेत. किती जणींचं टिकतं, किती जणींचं काढावं लागतं, वर्षा-दोन वर्षांनी कसं वाटतं? आणि दुसरं, जे इथल्या नर्सला नीट समजावता येत नाही: आई नाशिकला असते. गोठ्यातल्या गाईला नैवेद्य दाखवल्याशिवाय तिने कधी ताट घेतलं नाही. तिला काय सांगू?

निशिगंधा

उत्तरा, काळजी घे गं. मला यातलं काही ठाऊक नाही, पण धागा वर राहावा म्हणून लिहितेय.

डॉ_माधव_पुणे

मी प्लास्टिक सर्जन आहे. तुमचे रिपोर्ट पाहिलेले नाहीत, त्यामुळे जे लिहितो ते सर्वसाधारण आहे.

आधी हे एडीएम नेमकं काय काम करतं ते पाहू. कातडीच्या आतल्या जाड थरातून सगळ्या पेशी धुऊन काढतात. मागे उरतो तो कोलॅजनचा सांगाडा. रोगप्रतिकारशक्ती ज्यावर तुटून पडते त्या पेशीच नसल्यामुळे शरीर तो तुकडा सहसा नाकारत नाही. उलट आपल्या रक्तवाहिन्या आणि पेशी हळूहळू त्यात शिरतात आणि तो अंगचा होतो. पूर्वी इम्प्लांट छातीच्या स्नायूखाली घालत. तो स्नायू वरचा भाग झाकतो, खालचा भाग उघडाच राहतो. मग आधी एक्स्पांडर (फुगवता येणारी पिशवी) घालून काही महिने त्यात थोडं थोडं सलाइन भरत जायचं, जागा तयार करायची आणि दुसऱ्या शस्त्रक्रियेत इम्प्लांट बसवायचं. २००५ च्या सुमारास अमेरिकेत मानवी कातडीचं एडीएम स्नायूच्या खालच्या कडेपासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत झोळीसारखं शिवायला सुरुवात झाली आणि पहिल्याच दिवशी पूर्ण मापाचं इम्प्लांट बसवता येऊ लागलं. ब्रिटन आणि युरोपात प्राणिजन्य एडीएमच जास्त चालतं.

आता बऱ्याच ठिकाणी स्नायूला हातच लावत नाहीत. इम्प्लांट एडीएममध्ये गुंडाळून स्नायूच्या वर ठेवतात. दुखणं कमी असतं, आणि हात जोर लावून हलवला की स्तन वेडावाकडा खेचला जातो तो प्रकार टळतो. पण तुमच्यासारख्या बारीक बाईत वरच्या बाजूला इम्प्लांटच्या सुरकुत्या कातडीतून दिसू शकतात. त्यासाठी नंतर मांडीची किंवा कमरेची चरबी भरावी लागते. हे पहिल्याच भेटीत विचारून ठेवा.

आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं: एडीएम खालून आधार देतं, वरच्या कातडीला रक्त पुरवत नाही. स्तन काढल्यावर उरलेली कातडी पातळ झाली असेल, कडा काळवंडत असतील, तर खाली कितीही महागाचं एडीएम घाला, ती कातडी मरायची ती मरतेच, आणि मग इम्प्लांट उघडं पडतं.

पवनचक्की

मी उट्रेख्तला असते. डच अभ्यास इथे यायलाच हवा. त्याचं नाव ब्रिऑस. २०१७ साली लॅन्सेट ऑन्कॉलॉजीत आला. ८ डच रुग्णालयं, १४२ बायका, चिठ्ठ्या टाकाव्यात तशा दोन गटांत वाटलेल्या. एका गटात डुकराच्या कातडीचं एडीएम आणि एकाच टप्प्यात इम्प्लांट, दुसऱ्या गटात जुनी दोन टप्प्यांची पद्धत, एडीएम न वापरता.

गंभीर गुंतागुंत एडीएमच्या गटात २९ टक्के स्तनांत, दुसऱ्या गटात ५ टक्के. पुन्हा शस्त्रक्रिया करण्याचं आणि इम्प्लांट काढावं लागण्याचं प्रमाणही बरंच जास्त. माझी चुलत नणंद याच वळणावर होती, तिने हे वाचून दोन टप्प्यांचा मार्ग घेतला. उत्तरा, तुला घाबरवायचं नाहीये, पण माहितीपत्रकात हा आकडा नसणार.

डॉ_माधव_पुणे

पवनचक्की, अभ्यास महत्त्वाचा आहे आणि तुम्ही मांडला ते योग्यच केलंत. फक्त त्यातून काय सिद्ध होतं ते बारकाईने पाहायला हवं. त्या दोन गटांत दोन गोष्टी एकाच वेळी बदलल्या होत्या: एडीएम, आणि एकाच टप्प्यात पूर्ण मापाचं इम्प्लांट. जखमी, ताज्या कातडीवर पहिल्याच दिवशी पूर्ण वजन टाकलं त्याचा दोष किती आणि एडीएमचा किती, हे तो अभ्यास वेगळं करून दाखवत नाही. अमेरिका आणि कॅनडात ११ केंद्रांचा एक मोठा अभ्यास झाला, सुमारे १३०० बायकांचा. त्यात सगळ्यांनाच लगेच एक्स्पांडर किंवा इम्प्लांट घातलं होतं, साधारण निम्म्यांना एडीएमसह. तिथे एकूण गुंतागुंतीत एडीएममुळे लक्षणीय फरक दिसला नाही. फायदाही फारसा दिसला नाही, हेही तितकंच खरं.

ब्रिऑसच्याच बायकांना नंतर समाधान आणि जीवनमान याबद्दल विचारलं, तेव्हा दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. म्हणजे जास्त त्रास सोसून जास्त समाधान मिळालं, असंही झालं नाही.

अनघा_मँचेस्टर

उत्तरा, मी ज्या बाजूला पडले ती बाजू सांगते.

माझंही एकाच टप्प्यात होतं, डुकराच्या एडीएमसह. घरी आले तेव्हा सगळं छान होतं. ड्रेनमध्ये (जखमेतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीत) येणारं पाणी मात्र कमी होईना. बाटल्या मोजून वहीत लिहायच्या, फोनवर आकडा सांगायचा. ड्रेन काढल्यावर खालच्या बाजूला लाली आली. वॉर्डात फोन केला तर सांगितलं, एडीएममुळे कधीकधी नुसती लाली येते, ताप नसेल तर थांबा. थांबले. मग एका रात्री थंडी वाजून आली आणि टाक्यातून पाणी झिरपायला लागलं. शिरेतून अँटिबायोटिक, धुण्यासाठी पुन्हा ऑपरेशन, आणि शेवटी इम्प्लांट आणि एडीएम दोन्ही काढलं. एडीएम अंगात मिसळलंच नव्हतं. त्याच्या आणि कातडीच्या मध्ये पाणी साठून राहिलं, ते तसंच सुटं पडलेलं होतं असं सर्जनने सांगितलं.

यात माझी केमो पुढे गेली. छाती सपाट झाली, त्याहूनही कॅन्सरचा उपचार लांबला याचा धसका मी जास्त घेतला. तुझं डीसीआयएस आहे, केमो नसेल, हा मोठा फरक आहे. पण ज्यांना केमो लागणार आहे त्यांनी सर्जनला हे आधी विचारा: गुंतागुंत झाली तर केमो किती पुढे जाईल?

दोन गोष्टी मनावर घे. लाली आली की फोनवर समाधान मानू नकोस, प्रत्यक्ष दाखव. आणि रात्री-बेरात्री कोणाला फोन करायचा तो नंबर आधीच लिहून घे.

डॉ_माधव_पुणे

अनघाताई, हे लिहिल्याबद्दल मनापासून आभार. तुमच्या अनुभवामागचं शास्त्र सांगतो. एडीएम आणि कातडी एकमेकांना चिकटून राहिली तरच त्यात रक्तवाहिन्या शिरतात. मध्ये पाणी साठलं की ते निर्जीवच राहतं, आणि निर्जीव वस्तूवर जंतू बसले की अँटिबायोटिक तिथपर्यंत पोचत नाही. म्हणून ड्रेन लवकर काढून टाका असा आग्रह कोणी धरू नये. ड्रेनच्या तोंडाशी जंतुनाशक पट्टी, हात धुऊन बाटली बदलणं, हात खांद्यावर सांगितलं तेवढाच उचलणं, या कंटाळवाण्या गोष्टींचा मोठा वाटा असतो.

उपचार लांबण्याबद्दल ब्रिटनचाच अभ्यास आहे. लगेच केलेल्या पुनर्रचनेमुळे सरसकट उशीर होत नाही. पण मोठी गुंतागुंत झालेल्यांना होतो, आणि त्यात इम्प्लांटवाल्या जास्त असतात.

लेस्टरची_शेजारीण

उत्तरा, मी कोव्हेंट्रीत असते, ब्रेस्ट केअरमध्ये काम करते. ब्रिटनचे आकडे हवेत तर आयब्रा हा अभ्यास बघ, २०१९ चा. ८१ केंद्रं, २१०० च्या वर बायका, बहुतेकींचं एकाच टप्प्यात. तीन महिन्यांत ९ टक्क्यांचं इम्प्लांट गेलं, १८ टक्क्यांना पुन्हा भरती व्हावं लागलं, १८ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन, आणि २५ टक्क्यांना संसर्गासाठी उपचार. आमच्याकडची मानकं सांगतात की इम्प्लांट जाणं, पुन्हा भरती आणि पुन्हा ऑपरेशन ही तिन्ही ५ टक्क्यांखाली हवीत, संसर्ग १० टक्क्यांखाली. म्हणजे देशभरात मिळून आपण मानकाच्या जवळही नव्हतो.

याचा अर्थ 'करू नकोस' असा नाही. ९ जणींचं गेलं म्हणजे ९१ जणींचं तीन महिन्यांनी होतं. पण सरासरी तुझ्या उपयोगाची नाही. तुला तुझ्या सर्जनचा आणि तुझ्या युनिटचा आकडा हवा. तो त्यांच्याकडे असायलाच हवा आणि तो मागायचा तुला पूर्ण हक्क आहे. विचार, अगदी सरळ: गेल्या वर्षी तुम्ही अशा किती शस्त्रक्रिया केल्या आणि तीन महिन्यांत कितीजणींचं इम्प्लांट काढलं?

रुबीना_सोलापूर

माझ्या खालाचं बर्मिंगहॅमला झालं. तिला एडीएम डुकराचं आहे हे ऑपरेशननंतर घरी आल्यावर कागद वाचताना कळलं. संमतीपत्रात नुसतं 'बायोलॉजिकल मेश' होतं. ती महिनाभर कोणाशी बोलली नाही. नंतर मशिदीतल्या मौलानांनी तिला समजावलं की उपचार आणि गरज यांत सूट आहे. तिचं मन हळूहळू शांत झालं. पण आधी विचारलं असतं तर तिने कदाचित तेच निवडलं असतं आणि त्रास झाला नसता. राग आहे तो न विचारल्याचा.

उत्तरा, तुझ्या सर्जनबाईंनी आपणहून सांगितलं, हे फार चांगलं झालं.

भीमाकाठ

आईला कशाला सांगायचं? 'आधाराची पट्टी लावली' एवढं बास. वय झालंय, उगाच जिवाला घोर.

रुबीना_सोलापूर

भीमाकाठ, तुमचा हेतू चांगला आहे, पण मला पटत नाही. लपवलेलं कधीतरी बाहेर येतंच आणि मग फसवल्याची भावना येते. आमच्या घरात नेमकं तेच झालं.

उत्तरा_लेस्टर

काल आईशी बोलले. सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुला काय पाहिजे ते आधी ठरव. मी देवापुढे दिवा लावीन, गाईची माफी मागीन, ते माझं काम." फोन ठेवल्यावर मी खूप रडले.

मला स्वतःला अजून गायीचं नको वाटतंय. डॉक्टर, प्राणी टाळून काही आहे का?

डॉ_माधव_पुणे

आहे. टायटॅनियमचा मुलामा दिलेली कृत्रिम जाळी असते, तीही ब्रिटनमध्ये वापरतात. स्तन मोठे आणि ओघळलेले असतील तर खालच्या बाजूची स्वतःचीच जादा कातडी वरचा थर खरवडून आत वळवतात आणि तिचाच आधार करतात. भारतात मला हा मार्ग फार आवडतो. फुकटात मिळतो, जिवंत असतो, आणि आयात एडीएमच्या एका तुकड्याची किंमत अनेकदा इम्प्लांटपेक्षा जास्त पडते ती वाचते. पण बारीक बांध्यात ती कातडी मिळत नाही. आधाराशिवाय, पूर्ण स्नायूखाली, दोन टप्प्यांनी करता येतंच. पाठीचा स्नायू वळवून आणणं हाही पर्याय, त्यात पाठीवर व्रण आणि खांद्याची थोडी ताकद जाते.

धाग्यावर भारतातल्या कोणी वाचत असतील तर: आरोग्य विम्यात प्लास्टिक सर्जरी सहसा वगळलेली असते, पण आयआरडीएआयच्या (विमा नियामकाच्या) ठरलेल्या शब्दांत अपघात, भाजणं आणि कॅन्सर यांनंतरची पुनर्रचना या वगळण्यातून बाहेर ठेवली आहे. टीपीएने (विमा कंपनीसाठी दावे हाताळणाऱ्या संस्थेने) 'कॉस्मेटिक' म्हणून नाकारलं तर ते कलम दाखवून भांडा. पुष्कळ बायका पहिल्या नकारालाच थांबतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एडिसन_एनजे

अमेरिकेतून थोडी भर. इथे दान केलेल्या मानवी कातडीचं एडीएमही सर्रास वापरतात आणि १९९८ च्या कायद्यामुळे स्तन काढण्याचा खर्च देणाऱ्या विम्याला पुनर्रचनेचाही द्यावा लागतो. पण मानवी म्हणजे जास्त सुरक्षित असं धरून चालू नका. मार्च २०२१ मध्ये एफडीएने (इथल्या औषध-उपकरण नियामकाने) इशारा दिला होता: फ्लेक्सएचडी आणि ॲलोमॅक्स या दोन मानवी एडीएममध्ये पुन्हा ऑपरेशन, इम्प्लांट काढणं आणि संसर्ग जास्त दिसले. तुलनेला होते ॲलोडर्म आणि सर्जिमेंड, आणि सर्जिमेंड हे गायीचंच आहे. त्याच वेळी एफडीएने हेही स्पष्ट केलं की स्तनपुनर्रचनेसाठी म्हणून कुठल्याच एडीएमला तोवर मान्यता दिलेली नव्हती. सर्जन ते आपल्या निर्णयाने वापरतात.

दुसरं, २०२३ च्या मे महिन्यात बॉस्टनच्या कारखान्यात २०१८ पासून बनलेला सर्जिमेंडचा माल कंपनीने परत मागवला, एंडोटॉक्सिनचं (जंतूंपासून येणाऱ्या विषाचं) प्रमाण मर्यादेबाहेर असू शकतं म्हणून. त्यामुळे कुठलं उत्पादन, कुठला लॉट, याचं स्टिकर आपल्या फाइलमध्ये मागून घ्या. इम्प्लांटचंही. खरबरीत पृष्ठभागाची काही इम्प्लांट जुलै २०१९ मध्ये एका दुर्मीळ लिम्फोमामुळे (लसिकापेशींच्या कॅन्सरमुळे) जगभरातून मागे घेतली, तेव्हा ज्यांच्याकडे कार्ड होतं त्यांना लगेच कळलं आपलं कुठलं आहे.

शेवंती_ठाणे

मी काहीच करून घेतलं नाही. सपाट आहे. टाके एकदा भरले आणि मी पोळ्या लाटायला लागले. ब्लाउजमध्ये कापसाचा विणलेला स्तन घालते, कधी घालतही नाही. नवऱ्याने एकदाही विषय काढला नाही. कोणी तुझ्यावर 'करून घेच' म्हणून दबाव आणत असेल तर हाही रस्ता आहे, आणि नंतर कधीही पुनर्रचना करता येते असं मला माझ्या डॉक्टरांनी सांगितलंय.

अनघा_मँचेस्टर

शेवंतीताई, बरोबर. मी दीड वर्षाने पोटाच्या ऊतींनी करून घेतलं. मोठं ऑपरेशन, पण माझं स्वतःचं मांस आहे, बाहेरचं काही नाही. मी खूश आहे.

लेस्टरची_शेजारीण

माहितीपत्रकात ठळक नसतं ते एक सांगते. नव्या स्तनाला स्पर्श कळत नाही, निदान बरीच वर्षं. हिवाळ्यात छातीशी गरम पाण्याची पिशवी घेऊन झोपलेल्या बायकांना भाजल्याचं आम्ही पाहतो, आणि त्यांना ते सकाळी कळतं. पिशवी, हीटिंग पॅड, केस वाळवायचं यंत्र, सगळं लांब ठेव.

उत्तरा_लेस्टर

काल सर्जनबाईंना भेटून आले. तुमचे सगळे प्रश्न वहीत नेले होते. युनिटचा आकडा मागितला. त्या जरा थबकल्या, मग संगणकावर उघडून दाखवला. मानकातल्या ५ टक्क्यांपेक्षा वर आहे. गेलेल्यांपैकी बहुतेक जणी धूम्रपान करणाऱ्या किंवा रेडिएशन झालेल्या होत्या, असं त्यांनी एकेक सांगितलं. मला रेडिएशन लागण्याची शक्यता कमी आहे. लागलं तर इम्प्लांटभोवतीचं आवरण आवळून घट्ट होण्याचा धोका वाढतो आणि एडीएममुळे तो पूर्ण जात नाही, हेही त्यांनी सांगितलं.

आमचं असं ठरलंय: संमतीपत्रावर दोन्ही पर्याय लिहिलेत. टेबलावर हिरवा रंग शिरेतून देऊन कातडीतला रक्तपुरवठा कॅमेऱ्याने बघायचा. चांगला असला तर इम्प्लांट. कुठे शंका आली तर अर्धवट भरलेला एक्स्पांडर, आणि मी जागी झाल्यावर रागवायचं नाही. आधारासाठी मी टायटॅनियमची जाळी मागितली. त्या म्हणाल्या, स्नायूच्या वर ठेवायचं तर तुमच्या पातळ कातडीत त्यांना एडीएम जास्त योग्य वाटतं, पण निर्णय तुमचा, पुढच्या आठवड्यापर्यंत सांगा. मी अजून ठरवलेलं नाही. आईच्या बोलण्यानंतर गायीचं आता तेवढं टोचत नाही, एवढं मात्र खरं.

डॉ_माधव_पुणे

दोन्ही पर्यायांवर आधीच सही घेणारी आणि युनिटचा आकडा उघडून दाखवणारी सर्जन तुम्हाला मिळाली आहे. मला तुमच्या शस्त्रक्रियेची काळजी कमी वाटू लागली. टायटॅनियम की एडीएम, या प्रश्नात त्यांच्या हाताला ज्याची सवय आहे त्याला वजन द्या. आणि स्नायूखाली ठेवलं तर टायटॅनियम चालेल का, हे एकदा विचारून घ्या.

निशिगंधा

पुढून उघडणारी ब्रा आणि समोरून बटणं असलेले गाऊन आधीच घेऊन ठेव. हात वर करून कपडे घालणं काही आठवडे जमत नाही, माझ्या वहिनीचं तसं झालं होतं.

काजळमाया

धागा आज वाचला. माझं पुढच्या महिन्यात आहे, कोल्हापूरला. दोन सिझेरियन झालेत, टाक्याचा आडवा व्रण आहे. पोटाच्या ऊतींचा पर्याय मला गेला का?

डॉ_माधव_पुणे

नाही, सहसा जात नाही. सिझेरियनचा आडवा व्रण खाली असतो, आणि लागणाऱ्या रक्तवाहिन्या बेंबीच्या आसपास स्नायूतून वर येतात. आधी सीटी अँजिओग्राफी करून त्या शाबूत आहेत का ते बघतात. ऑपरेशनची तारीख पक्की करण्याआधी ती करून घ्या आणि सूक्ष्मशल्यचिकित्सा नियमित करणारा सर्जनच गाठा. कोल्हापुरात सोय नसेल तर पुण्याला यावं लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, रिपोर्ट पाहून सांगतो.